फोनलाइनवरचं ब्रॉडबँड मंदावलं, तर बिघाड कुठे शोधायचा?

मुंबईत फायबर गल्लोगल्ली पोचलं असलं, तरी लँडलाइनच्या तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड वापरणारी घरं संपलेली नाहीत. गिरगावातली चाळ, माटुंग्यातली जुनी तीनमजली इमारत, पुनर्विकासाच्या वाटेवर असलेली पार्ल्यातली सोसायटी. कुठे नवी केबल टाकायला परवानगी मिळत नाही, कुठे ‘इमारत पाडायचीच आहे’ म्हणून काम पुढे ढकललं जातं, कुठे घरातल्या ज्येष्ठांना इतक्या वर्षांचा नंबर सोडवत नाही. अशा घरात नेट मंदावलं की तक्रार केंद्र मॉडेम बंद-चालू करायला सांगतं, लाइनमन येऊन दिवे बघतो, ‘लाइन तर चालू आहे’ म्हणतो आणि जातो. वेग होता तिथेच राहतो.

‘नेट स्लो आहे’ एवढ्या वाक्यावरून कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही, म्हणून असं होतं. तुमचा डेटा तीन टप्प्यांतून जातो: मॉडेमपासून तुमच्या फोन-लॅपटॉपपर्यंतचं घर, मॉडेमपासून एक्सचेंजपर्यंतची (फोन कंपनीच्या तुमच्या भागातल्या केंद्रापर्यंतची) तार, आणि एक्सचेंजच्या पलीकडचं सगळं. तिन्ही टप्प्यांवरच्या बिघाडाची लक्षणं वरवर सारखीच दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे असतात. म्हणून पुढे दिलेला क्रम मोडू नका. खूप लोक थेट नवा मॉडेम विकत आणतात आणि दोष तारेत निघतो.

वायफाय बाजूला काढा

मॉडेमला लॅन केबलने लॅपटॉप जोडा. घरातले सगळे मोबाइल, टीव्ही, टॅब वायफायवरून तोडा. वायफायच बंद करता आलं तर अधिक चांगलं. आता स्पीड टेस्ट करा आणि आकडा लिहून ठेवा. एकाच वेळी करून थांबू नका. सकाळी, भर दुपारी आणि रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, अशी निदान दोन-तीन दिवस करा.

आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डाउनलोड होताना दिसणारा वेग बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे ८ एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जेमतेम १ मेगाबाइटने उतरेल. त्यातही एडीएसएलवर, म्हणजे फोनच्या तारेवर ब्रॉडबँड देणाऱ्या तंत्रात, डेटा सहसा ५३ बाइटच्या तुकड्यांत जातो आणि त्यातले ४८ बाइटच कामाचे असतात. दहाएक टक्के इथेच जातात, बाकीचे सोपस्कार धरून आणखी थोडे. मॉडेम एक्सचेंजशी ८ एमबीपीएसवर जोडलेला असेल आणि टेस्टमध्ये पावणेसात-सात दिसत असतील, तर तुमची लाइन अगदी ठणठणीत आहे.

केबलवर वेग बरोबर आणि वायफायवर निम्मा असेल, तर तारेचा काही दोष नाही. मुंबईच्या इमारतीत एका खोलीत वीस-वीस शेजाऱ्यांची वायफाय दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. त्यातला सगळ्यात रिकामा निवडा. मॉडेम लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीशी असेल तर बाहेर काढा. ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर ती वापरा. एवढ्याने बहुतेक काम भागतं.

याच टप्प्यावर एक चोर सापडतो आणि त्याच्याकडे फार कमी लोक बघतात: अपलोड. एडीएसएलवर वर पाठवायचा वेग खाली येण्याच्या वेगापेक्षा खूपच कमी असतो, साधारण १ एमबीपीएसच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तुम्ही व्हिडिओ बघत असता तेव्हाही तुमचं मशीन ‘हा तुकडा मिळाला, पुढचा पाठवा’ अशा पोचपावत्या वर पाठवत असतं. लग्नाहून परतलेल्या कुणाच्या तरी फोनमधून दोनशे फोटो आणि व्हिडिओ आपोआप बॅकअपला लागले, की वरची वाट तुंबते, पोचपावत्या अडकतात आणि डाउनलोडही रांगायला लागतं. सोसायटीच्या गेटवर नव्हे, तुमच्या घरातच बसवलेला क्लाउडवर रेकॉर्ड करणारा कॅमेराही हेच करतो. सगळ्या फोनमधला फोटो बॅकअप रात्री उशिराचा ठेवा किंवा हाताने सुरू करायची सवय लावा. काही घरांत ‘स्लो नेट’ एवढ्यानेच सुटतं.

मॉडेमच्या पानावरचे आकडे

लॅन केबलवरही वेग कमीच असेल, तर आता मॉडेमलाच विचारायचं. ब्राउझरमध्ये मॉडेमचा पत्ता टाका. बहुतेक मॉडेमवर तो १९२.१६८.१.१ असतो आणि मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. आत ‘स्टेटस’, ‘डीएसएल’ किंवा ‘स्टॅटिस्टिक्स’ नावाचं पान मिळेल. तिथले चार-पाच आकडे कुठल्याही स्पीड टेस्टपेक्षा जास्त भरवशाचे आहेत, कारण ते फक्त तुमच्या तारेबद्दल बोलतात. पानाचा फोटो काढून ठेवा. नेट चांगलं चालत असतानाचा फोटो आधीपासून जवळ असेल तर निदान निम्मं झालंच, म्हणून आज वेग ठीक असला तरी एक काढून ठेवाच.

*सिंक रेट* म्हणजे मॉडेम आणि एक्सचेंजमधलं यंत्र यांनी आपसात ठरवलेला वेग. हा प्लॅनइतका किंवा थोडा जास्त असेल आणि तरी टेस्टमध्ये खूपच कमी दिसत असेल, तर अडचण तारेच्या पलीकडे असू शकते. हाच कमी असेल तर तार किंवा घरातली वायरिंग.

*लाइन अ‍ॅटेन्युएशन* म्हणजे तारेत सिग्नल किती क्षीण झाला, डेसिबलमध्ये. एडीएसएलसाठी ढोबळ हिशेब किलोमीटरला १३-१४ डेसिबलचा धरतात. म्हणजे ४० आकडा दिसला तर एक्सचेंज तारेने तीनेक किलोमीटरवर आहे. नकाशात ते कोपऱ्यावर दिसत असेल, पण तार सरळ येत नाही. ती एक्सचेंजमधून रस्त्याकडेच्या पिलरला (केबली जोडण्याचं कपाट), तिथून डीपीला (इमारतीच्या तारा जोडण्याचा डबा) आणि मग तुमच्या खिडकीला वळसे घेत येते. तिशीच्या आतला आकडा उत्तम, पंचेचाळीसपर्यंत निभावतं, पंचावन्नच्या पुढे फार अपेक्षा ठेवता येत नाही. एडीएसएल२+ (एडीएसएलची पुढची आवृत्ती) कागदावर २४ एमबीपीएसपर्यंत जातं, पण ते एक्सचेंजच्या अगदी शेजारी. तीन किलोमीटरवर आठच्या आसपास आणि पाच किलोमीटरवर दीड-दोन मिळाले तरी लाइन आपलं काम नीट करते आहे.

या आकड्याचा खरा उपयोग तुलनेत आहे. अंतर बदलत नाही, त्यामुळे अ‍ॅटेन्युएशनही बदलायला नको. गेल्या महिन्यात ३२ होतं आणि आज ४५ आहे, तर वाटेत एखादा जोड सैल झालाय किंवा फोनलाइनच्या दोन तारांच्या जोडीतली एक तार तुटली आहे. हा दुसरा प्रकार चकवा देतो: फोन पूर्ण डेड असतो, पण नेट रखडत का होईना चालू असतं, कारण उच्च वारंवारतेचा सिग्नल तुटलेल्या टोकावरूनही थोडाफार पलीकडे जातो. फोन बंद आणि नेट मुंगीच्या पावलांनी, असं असेल तर एका तारेची शंका आधी घ्या.

*एसएनआर मार्जिन* म्हणजे भर बाजारात बोलणाऱ्या माणसाचा आवाज गोंगाटापेक्षा किती वर आहे, तसा आकडा. सिग्नल नीट कळायला जेवढा लागतो त्याहून किती जास्त आहे ते तो सांगतो. ६ डेसिबलच्या खाली गेलं की लाइन पुन्हा पुन्हा तुटते, १० च्या वर असेल तर निवांत. पण इथेही मेख आहे. प्लॅन लहान आणि एक्सचेंज जवळ असेल तर हा आकडा वीस-पंचवीसही असतो. उलट वेगावर मर्यादा नसेल, तर मॉडेम असेल तेवढी सगळी जागा वेगासाठी वापरून टाकतो आणि मार्जिन सहाच्या जवळ ठेवतो; तो दोष नाही. दिवसभरात हा आकडा किती खाली-वर होतो ते बघा. सकाळी १४ आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर ५, तर गोंगाट कुठून तरी ठरावीक वेळी येतोय.

*सीआरसी एरर* म्हणजे खराब होऊन पोचलेले तुकडे. एकूण आकड्याला अर्थ नाही, कारण तो मॉडेम चालू झाल्यापासून साठत गेलेला असतो. आत्ताचा आकडा लिहा, तासाभराने पुन्हा बघा. पाच-दहाने वाढला तर सोडून द्या, शेकड्यांनी वाढत असेल तर तेच तुमच्या मंद वेगाचं कारण आहे: खराब तुकडे पुन्हा मागवावे लागतात, सिंक रेट छान दिसतो आणि पान उघडत नाही. सोबत ‘अपटाइम’ही बघा. दिवसातून अनेकदा तो शून्यावर येत असेल तर लाइन तुटते आहे. मात्र तक्रारीआधी मॉडेमचा अ‍ॅडॅप्टर हाताने चाचपा. जुना, तापणारा अ‍ॅडॅप्टर वीज पुरी देत नाही आणि मॉडेम मधूनच स्वतःहून पुन्हा सुरू होतो. तेवढ्याच व्होल्टचा नवा अ‍ॅडॅप्टर लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. करंटचा आकडा जुन्याएवढा किंवा जास्त हवा.

मॉडेमचं रीसेट बटण टोचणीने दाबू नका. आत भरलेलं युजरनेम, पासवर्ड, व्हीपीआय-व्हीसीआयचे (कंपनीच्या जोडणीसाठी लागणारे) आकडे सगळे पुसले जातात आणि ते परत मिळवण्यात दिवस जातो. दाबायचंच असेल तर आधी ते पान उतरवून घ्या.

रिसीव्हर कानाला लावा

साधा, वायरचा फोन घ्या. कॉर्डलेस चालणार नाही, त्याचा स्वतःचा आवाज असतो. डायल टोन आला की एक आकडा दाबा. टोन थांबेल, आता काही सेकंद शांतपणे ऐका. निरोगी लाइनवर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. खरखर किंवा तडतड असेल तर जोड गंजलाय किंवा ओल शिरली आहे. सलग गुणगुण असेल तर जोडीतल्या दोन तारांचा समतोल गेलाय, बहुधा एक तार जमिनीशी किंवा ओल्या भिंतीशी लागते आहे. दुसऱ्या कुणाचं बोलणं ऐकू आलं तर शेजारच्या जोडीशी स्पर्श आहे.

फोनवरून बोलण्याचा आवाज ३४०० हर्ट्झपर्यंतच जातो आणि ब्रॉडबँड त्याच तारेवर २५ किलोहर्ट्झपासून पुढे, एडीएसएल२+ वर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत धावतं. म्हणून फोन स्वच्छ असूनही नेट खराब असू शकतं. पण फोनवर खरखर आहे आणि नेट उत्तम, असं क्वचितच.

घरातली वायरिंग तोडून बघा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हीच सगळ्यात जास्त टाळली जाते. बाहेरून येणारी तार घरात जिथे पहिल्यांदा रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या जोडडबीला, लागते तिथे जा. तिथून बेडरूमला, स्वयंपाकघराला, आजोबांच्या पलंगाशी गेलेल्या सगळ्या समांतर जोडण्या सोडवा. फॅक्स, जुना कॉलर आयडीचा डबा, सगळं काढा. फक्त बाहेरची जोडी आणि मॉडेम, मध्ये छोटीशी फोनची केबल. दहा मिनिटं थांबून मॉडेमचे आकडे पुन्हा वाचा.

सिंक रेट आणि मार्जिन उडी मारून वर गेले, तर दोष तुमच्या घरात आहे आणि कुणाची वाट न बघता आजच मिटू शकतो. आता एकेक जोडणी परत लावा, दर वेळी आकडे बघा. कुठल्या तारेनंतर घसरण होते ते कळेल. फोनचं वापरात नसलेलं, टोक मोकळं सोडलेलं एक्स्टेंशनही त्रास देतं: सिग्नल त्या टोकापर्यंत जाऊन परततो आणि मूळ सिग्नलमधले काही पट्टे खाऊन टाकतो. भिंतीतून जाणारी अशी तार नुसती फोन काढून निकामी होत नाही, रोझेटपाशी सोडवावी लागते.

प्रत्येक फोनला मायक्रोफिल्टर (फोनचा आणि नेटचा सिग्नल वेगळा ठेवणारी छोटी डबी) हवा, किंवा सुरुवातीलाच एक स्प्लिटर आणि पुढचे सगळे फोन त्याच्या ‘फोन’ खाचेतून. मॉडेमची तार ‘डीएसएल’ किंवा ‘मॉडेम’ खाचेत. एकच फोन फिल्टरविना राहिला, तर घंटी वाजली की नेट तुटतं. हे लक्षण दिसलं तर दुसरीकडे शोधूच नका. फिल्टर वर्षानुवर्षांनी खराबही होतात.

वायर बदलायची असेल तर बाजारात मिळणारी चपटी, पीळ नसलेली फोनची तार लांब अंतराला वापरू नका. दोन तारांना पीळ असतो म्हणूनच बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि मॉडेम तो वजा करू शकतो. कॅट५ केबलमधली एक जोडी घ्या. लोहार चाळीत मीटरवर मिळते. शक्यतो मॉडेम रोझेटजवळ हलवा आणि पुढचं अंतर लॅन केबलने कापा. एक सांगायलाच हवं: फोनच्या तारेवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात, पण घंटी वाजताना त्याहून बराच जास्त, पंच्याहत्तरच्या आसपास एसी व्होल्टेज येतं आणि चांगला झटका बसतो. ओल्या हातांनी, विजा कडाडत असताना हे काम करू नका. जिन्यातली डीपी तर उघडूच नका. तिच्यात सगळ्या इमारतीच्या जोड्या असतात आणि तिथल्या एका सैल स्क्रूने वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन बंद पडतो.

ठरावीक वेळी पडणारा वेग

लाइन रोज संध्याकाळीच तुटते, किंवा पंप सुरू झाला की तुटते? एक जुना ट्रान्झिस्टर शोधा. आकाशवाणीच्या मध्यम लहरी ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि एडीएसएलचा खाली येणारा डेटा साधारण १३८ किलोहर्ट्झपासून २.२ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे तोच पट्टा. रेडिओ एएमवर, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि घरभर फिरवा. ज्या वस्तूजवळ घरघर एकदम वाढते ती दोषी: स्वस्त चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर. फोनची तार विजेच्या तारेला चिकटून पट्टीतून नेली असेल तर ती निदान वीतभर दूर करा. लिफ्टच्या मोटरशेजारून जाणारी तार असेल, तर सोसायटीशी बोलून तिचा मार्ग बदलून घ्यावा लागतो.

पावसाळा आणि बाहेरची तार

रोझेटपाशी थेट जोडूनही आकडे वाईटच असतील, तर बिघाड बाहेर आहे. मुंबईत त्याची कारणं ठरलेली. जुन्या भूमिगत केबलींत तारांभोवती कागदाचं वेष्टन असतं. आवरणाला चीर पडून पाणी शिरलं की कागद भिजतो आणि सुकायला आठवडे लागतात. नंतरच्या जेली भरलेल्या केबली जास्त टिकतात, पण जोड कच्चा असेल तर तिथेही पाणी घुसतं. रस्त्यांचं काँक्रिटीकरण, मेट्रोची खोदकामं यांत तुटलेली केबल घाईने जोडली जाते. वरळी, दादर, वर्सोव्याच्या किनाऱ्यावरची खारी हवा डीपीतल्या स्क्रूंवर हिरवट थर चढवते. आणि इमारतीचं रंगकाम निघालं की परांच्या बांधताना बाहेरच्या भिंतीवरची तार ओढली जाते, सोलली जाते, कशीतरी पिळून चिकटवली जाते. भिंतीवरची तार खिडकीतून डोळ्यांनी तपासा. मध्येच उघडा पीळ दिसला तर कारण सापडलं.

इथून पुढे लाइनमनची मदत लागते. त्याला मोजकं आणि नेमकं सांगा: ‘काका, रोझेटला थेट मॉडेम लावून बघितलंय, आतल्या सगळ्या वायर काढल्यात. मार्जिन ४ आहे, गेल्या महिन्यात १२ होतं. फोनवर खरखर आहे, तुम्हीच ऐका.’ फोटो दाखवा. बहुतेक लाइनमन अनुभवी असतात. त्यांना दिवसभरात ‘नेट चालत नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. नेमकी माहिती दिली की ते डीपीतला जोड साफ करून नव्याने बांधतात, किंवा मोकळी असेल तर जोडी बदलून देतात. जुन्या केबलवर जोडी बदलणं हाच बऱ्याचदा एकमेव इलाज असतो, म्हणून तसं स्पष्ट मागा. तो गेल्यावर नव्हे, तो असतानाच आकडे पुन्हा वाचा.

फोनवर खरखर असेल तर तक्रार नोंदवताना ती आधी फोनची म्हणून नोंदवा. ती ऐकू येते, नाकारता येत नाही, आणि तार दुरुस्त झाली की नेट आपोआप सुधारतं.

तार चांगली, तरी वेग नाही

सिंक रेट पुरेसा, एरर नाहीत, केबलवर टेस्ट केली तरी वेग कमी. आधी डेटाची मर्यादा संपली का ते पाहा. संपल्यावर अनेक प्लॅनचा वेग खूपच खाली येतो. सकाळी बरोबर आणि रात्रीच मंद असेल तर एक्सचेंजच्या पुढची वाट भरते आहे, तुमच्या सकाळ-दुपार-रात्रीच्या नोंदी हा पुरावा. दिवसभर एकाच आकड्यावर अडकलं असेल तर एक्सचेंजमध्ये तुमच्या पोर्टवर (तुमच्या लाइनच्या जोडणीवर) बहुधा जुन्या प्लॅनचं प्रोफाइल, म्हणजे वेगाची मर्यादा, राहून गेलेलं असतं. ते तपासायला सांगा. लाइन स्थिर पण गेम आणि व्हिडिओ कॉलमध्ये बोलणं मागे पडत असेल, तर इंटरलीव्हिंग (डेटाचे तुकडे एकमेकांत मिसळून पाठवण्याची पद्धत) कमी करता येईल का ते विचारा. इंटरलीव्हिंगने चुका सुधारतात, पण उशीर वाढतो. स्वच्छ लाइनवर त्याची फारशी गरज नसते.

प्रत्येक तक्रारीचा डॉकेट क्रमांक (नोंदणीचा क्रमांक) घ्याच. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीला तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकरण ठेवावं लागतं. तक्रार मुदतीत सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत तिथे विनाशुल्क अपील करता येतं आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. अपिलात एक मुद्दा लिहा: जानेवारी २०२३पासून सरकारच्या व्याख्येनुसार किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग देणाऱ्या जोडणीलाच ब्रॉडबँड म्हणता येतं.

अ‍ॅटेन्युएशन साठीच्या घरात, लाइन स्वच्छ, जोडीही बदललेली, तरी दीडच एमबीपीएस. इथे तार बदलून उपयोग नाही, अंतरच आडवं येतंय. फायबर घ्या, तोच नंबर त्यावर मिळेल का ते आधी विचारा. एक फरक घरातल्या ज्येष्ठांना नक्की समजावून सांगा. तांब्याच्या लाइनवरच्या साध्या फोनला वीज एक्सचेंजमधून मिळते, म्हणून घरची वीज गेली तरी तो चालतो. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. त्यामुळे जोडणीच्याच दिवशी त्याला राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा आणि मेन स्विच बंद करून फोन लागतो का, ते एकदा करून बघा.